हॉलची भिंत पुस्तकांची

आपल्या लोकांनी फ्लॅट घेतला की आधी टीव्हीची भिंत ठरते. पुस्तके माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत जातात. आम्ही हॉलची मोठी भिंत पुस्तकांना दिली. नातेवाईक म्हणाले, भिंतीतच कायमची कपाटे कशाला? सुटे कपाट अडचण झाली की पहिले विकले जाते, म्हणून.

बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले, ते आपल्या ग्रंथसंग्रहासाठी. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले, त्याच्या घरात ग्रंथाला हक्काची जागा हवीच.

पण कपाट शोभेचे नको. शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या 'लेखन आणि भाषणे'चे खंड वजनदार आहेत. म्हणून १८ मिलिमीटर प्लायची फळी घेतली आणि अडीच फुटांहून लांब ठेवली नाही. लांब फळी मधोमध वाकते. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत टाळली. खालचे दोन कप्पे मुलांचे. कुलूप कुठेच नाही. शेजारी वही आहे, पुस्तक नेणाऱ्याने नाव-तारीख लिहायची.

ज्ञान कुलपात ठेवण्याची परंपरा कुणाची, हे आपण जाणतो. मित्रांनो, एकाच खोलीचे घर असेल तर एकच फळी ठोका, पण ठोका.

जयभीम!