साठ टक्क्यांचा पाय

खोटा क्लेम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर धडधाकट पायाला प्लास्टर चढवून कोर्टात लंगडत येणारा इसम उभा राहतो. विमा कंपन्यांसाठी अपघाताच्या फायली तपासायच्या माझ्या धंद्यात असा माणूस क्वचितच भेटतो. पाय बहुतेक वेळा खरंच मोडलेला असतो. खोटी असते ती गाडी, नाहीतर टक्केवारी.

गाडी खोटी का, याचं उत्तर पैशात आहे. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर गंभीर दुखापतीला सरकारी योजनेतून 50 हजार मिळतात. 2022 पूर्वी तर साडेबारा हजारच मिळायचे. गाडीचा नंबर हाती असेल आणि तिचा विमा चालू असेल, तर मोटार अपघात दाव्यांच्या ट्रायब्युनलमध्ये आकडा लाखांत जातो. मग विमा असलेली एखादी गाडी आणि लायसन असलेला एखादा ड्रायव्हर फायलीत आणून बसवले जातात. उत्तर प्रदेशात हा उद्योग इतका फोफावला, की 2015 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमायला लावलं. सहा वर्षांनी त्या पथकाच्या संथ कारभारावर सर्वोच्च न्यायालयालाच डोळे वटारावे लागले.

या कामासाठी मी कोलकात्यात आल्यावर कागदांची नावं बदलली. आपल्याकडची स्टेशन डायरी इथे जीडी (जनरल डायरी), पंचनामा म्हणजे सीझर लिस्ट. वाचायची रीत तीच. अपघातानंतर सगळ्यांत आधी लिहिला गेलेला कागद शोधायचा. तो बहुधा पोलिसांचा नसतो, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीचा असतो. तिथल्या रजिस्टरमध्ये रात्रपाळीच्या डॉक्टरने घाईत ‘पडला’ लिहिलंय की ‘गाडीची धडक’, याला महत्त्व. त्या घटकेला कुणाला क्लेम सुचलेला नसतो. मग एक्स-रे. अपघाताच्या दुसऱ्या दिवशीच्या फिल्मवर मोडलेल्या हाडाभोवती नव्या हाडाचा ढगाळ पुंजका दिसला, तर ते हाड काही आठवड्यांपूर्वीच मोडलेलं आहे. तो पुंजका एका रात्रीत धरत नाही. आत प्लेट बसवली असेल तर तिचं स्टिकर डिस्चार्जच्या कागदांत आहे का, ते पाहायचं. जखमी माणसाला मी सगळ्यांत शेवटी भेटतो. आधी भेटलं की एकतर कीव येते, नाहीतर संशय, आणि दोन्हींनी कागद वाकडे दिसायला लागतात.

फोर्ट विल्यमच्या दक्षिणेला हेस्टिंग्ज आहे. गोदीकडून येणारे ट्रेलर तिथून विद्यासागर सेतूवर चढतात. (किल्ल्याचं नाव आता विजयदुर्ग आणि सेंट जॉर्ज गेटचं शिवाजी गेट झालंय. 1742 मध्ये मराठ्यांच्या धास्तीने खंदक खणणाऱ्या शहरात हे वाचून मला गंमत वाटली.) त्या बाजूच्या अपघाताची एक फाइल आली. दुकानात काम करणारा, चौतिशीतला, स्कूटरवरून जाणारा माणूस, पाय मोडलेला. पहिल्या जीडीत ‘अज्ञात वाहन’, आणि तीन आठवड्यांनी एका ट्रकचा नंबर. कंपनीच्या ऑफिसात सगळ्यांनी आधीच निकाल लावला होता: गाडी बसवली आहे.

उशीर हा पुरावा नसतो, एवढं मात्र या धंद्यात धरून ठेवावं लागतं. मी मोटार व्हेइकल इन्स्पेक्टरचा रिपोर्ट मागवला. ट्रकच्या डाव्या बंपरवरचा ओरखडा जमिनीपासून ज्या उंचीवर होता, त्याच उंचीवर स्कूटरचं हँडल येत होतं. फास्टॅगच्या नोंदीत त्या रात्री ट्रक कोलकात्याकडेच येत होता. पोलिसांना नंबर कॅमेऱ्यावरून मिळाला होता, फुटेज मागवून तपासण्यात तीन आठवडे गेले होते. गाडी खरी निघाली.

टक्केवारी मात्र खरी नव्हती. सर्टिफिकेटवर 60 टक्के कायमचं अपंगत्व. महिना 12 हजार मिळकत, त्या वयाला 16 चा गुणक. पुढची पगारवाढ बाजूला ठेवली तरी 60 टक्क्यांना 13,82,400 रुपये होतात. कमाईची क्षमता 20 टक्क्यांनीच घटली असेल तर 4,60,800. पायाचे टक्के वेगळे, सगळ्या शरीराचे वेगळे, आणि कमाईचे त्याहून वेगळे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या निकालात न्या. रवींद्रन यांनी हे उलगडून सांगितलंय, आणि ज्याने उपचारच केले नाहीत अशा डॉक्टरच्या तयार सर्टिफिकेटपासून जपून राहायलाही बजावलंय. आमच्या सर्टिफिकेटवर सही करणाऱ्याचं नाव ऑपरेशनच्या किंवा फॉलो-अपच्या एकाही कागदावर नव्हतं.

शेवटी त्या जखमी माणसाला भेटलो. 60 टक्के म्हणजे काय, त्याला ठाऊक नव्हतं. कुणीतरी सर्टिफिकेट आणून दिलं होतं, भरपाईतला तिसरा हिस्सा त्या आणून देणाऱ्याला द्यायचा होता. नाव सांगेना. “दादा, पायच बघा ना,” म्हणाला. मांडी घालून बसता येत नव्हतं, दुकानाच्या माळ्यावर चढता येत नव्हतं. हे दोन्ही मी रिपोर्टात लिहिलं, कारण 20 टक्के कशाचे, तर याचेच. गाडीबद्दलचा आक्षेप कंपनीने सोडावा, जखमीची मेडिकल बोर्डाकडून फेरतपासणी मागावी आणि सर्टिफिकेटवाल्या डॉक्टरला उलटतपासणीला बोलवावं, असं सुचवलं. कंपनीला पहिली सूचना आवडली नाही, दावेदाराच्या वकिलाला उरलेल्या दोन.