ग्लासगोचे प्राध्यापक स्मिथ

अॅडम स्मिथ यांचं नाव अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात पहिल्याच पानांवर भेटतं. मला ते जवळचे वाटतात ते नीतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून. १७५२ पासून ग्लासगो विद्यापीठात ते हा विषय शिकवत होते आणि वर्गातल्या त्या व्याख्यानांतूनच १७५९ साली त्यांचा ‘थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स’ हा ग्रंथ निघाला.

याच विद्यापीठात ते चौदाव्या वर्षी शिकायला आले होते. गुरू होते फ्रान्सिस हचिसन. बरंवाईट ओळखण्याची एक खास जाणीव माणसाला उपजतच असते, असं हचिसन मानत. शिष्याला ते पटलं नाही. आपण कल्पनेनं दुसऱ्याच्या जागी उभे राहतो, दुसरा आपल्याकडे कसं पाहतो हे शिकतो, आणि हळूहळू एक निःपक्षपाती प्रेक्षक आपल्याच मनात वस्तीला येतो, असं स्मिथ सांगत. मला हे फार खरं वाटतं. सदसद्विवेक आपल्याला माणसांत वावरूनच मिळतो. एकांतात वाढलेल्याला तो कुठून मिळणार?

१७६४ च्या सुरुवातीला एका तरुण ड्यूकचे शिक्षक म्हणून फ्रान्सला जाण्यासाठी त्यांनी सत्राच्या मध्येच नोकरी सोडली. पुढचे तास दुसरा कोणी घेणार होता. तरीही त्यांनी विद्यार्थ्यांची फी परत केली. मुलं घेईनात, तर आग्रहानं त्यांच्या खिशात कोंबली, असं सांगतात. ती ठेवून घेतली असती तरी कुणीही बोट दाखवलं नसतं. मनातल्या त्या प्रेक्षकाला मात्र ते चाललं नसतं.

पण भोवतालची माणसंच चुकत असतील तर? फ्रान्समध्ये ते बराच काळ तुलूजला राहिले. जाँ कॅलास या व्यापाऱ्याला पोटच्या मुलाच्या खुनाच्या खोट्या आरोपावरून १७६२ मध्ये देहदंड दिला गेला, तो याच शहरात. पुढे १७६५ मध्ये तो निर्दोष ठरला. निरपराध माणसाला सगळं गाव दोषी म्हणतं तेव्हा त्याच्या मनातला न्यायाधीशही डळमळतो, हे स्मिथ यांनी ग्रंथाच्या शेवटच्या आवृत्तीत कॅलासचा दाखला देऊन लिहिलं. स्वतःच्याच सिद्धांताचा सगळ्यात दुखरा कोपरा त्यांनी असा उघडा केला. त्याच आवृत्तीत एक नवं प्रकरणही आलं: श्रीमंतांचं कौतुक करण्याची आणि गरिबांकडे तुच्छतेनं पाहण्याची आपली खोड नीतिभावना सर्वांत जास्त बिघडवते. बाजाराचा पुरस्कर्ता म्हणून ज्यांचा हवाला दिला जातो, त्यांचे हे शब्द इतके कमी वाचले जावेत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अध्यापन सोडून तेव्हा पंचवीस वर्षं उलटली होती आणि प्रकृती ढासळत चालली होती. ही आवृत्ती १७९० मध्ये निघाली. त्याच वर्षी जुलैत एडिंबरा इथे ते वारले.