नाचणारा गुरू

हौशी माणूस दुर्बीण घेताना भिंगाची चौकशी करतो. ती ज्यावर उभी राहायची त्या तिकाटण्याची सहसा कोणी करीत नाही. आमच्या इंदूरच्या घरी आलेली दुर्बीणही त्याच वाणाची. भिंग उत्तम, पाय मात्र काडीसारखे. दीडशेपट वर्धनाची नेत्रिका लावली की गुरूबरोबर थरथरही दीडशेपट होते. शिवाय पृथ्वी फिरत असल्याने गुरू दीड मिनिटाच्या आतच दृष्टिक्षेत्राबाहेर सरकतो. त्याला परत आणायला हात लावावा, तर पुन्हा थरथर.

पाहुणे डोळा लावीत आणि ‘वा, छान दिसला!’ म्हणत. आपल्या माणसांचे हे सौजन्य आमच्या परिचयाचे आहे. आत्याने मात्र स्वच्छ सांगितले, “अरे, नुसतं पांढरं काहीतरी नाचतंय.” आत्याचे वय ८६. जन्मभर पंचांगात गुरुपालट वाचला. तो गुरू एकदा तरी पाहावा ही तिची इच्छा. गच्चीचा जिना पुढल्या वर्षी तिला चढवेल की नाही, हे सांगवत नव्हते.

तेव्हा आम्ही तिकाटण्याकडे वळलो. नळीवर बोटाने टिचकी मारायची आणि प्रतिमा स्थिरावेपर्यंत सेकंद मोजायचे, ही साधी परीक्षा. आमचे सात भरले. पाय लांबीच्या घनाच्या प्रमाणात लवतो. एक पंचमांशाने आखूड केला तरी लवणे जवळजवळ निम्मे होते. म्हणून पाय पूर्ण आत सरकवले आणि उभ्याने पाहण्याचा थाट सोडून स्टूल घेतले. सांध्यांचे बोल्ट पान्याने आवळले. मधल्या तबकाखाली वजन टांगण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात; पण टांगलेले वजन स्वतःच झोके घेते. आम्ही वाळूची पिशवी तबकावर घट्ट बांधली. सेकंद तीनवर आले.

उज्जैनची वेधशाळा आमच्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. माधवराव शिंद्यांच्या राजवटीत १९२३ साली तिचा जीर्णोद्धार झाला, म्हणून आपल्या मंडळींना तिचे अगत्य. सवाई जयसिंहाने ती अठराव्या शतकात चुन्या-दगडांत का उभारली, याचे कारण त्याच्याच ग्रंथात आहे: धातूच्या यंत्रांचे आस झिजतात, हलतात, केंद्र ढळते. राजाचीही तक्रार आमच्या आत्याचीच!

चुन्या-दगडांचे यंत्र गच्चीवर चढवणे आमच्या आवाक्यातले नव्हे. पण त्या विचाराने एक गोष्ट ध्यानात आली. गच्चीचा स्लॅब स्वतःच हलतो. कोणी चार पावले टाकली की गुरू उसळतो. जमीन तशी हलत नाही. दुर्बीण अंगणातल्या फरशीवर आणली, पायांखाली जाड रबराचे तुकडे ठेवले. आंब्यामुळे अर्धे आकाश गेले खरे, पण जिन्याचा प्रश्नही त्याबरोबर गेला.

आत्या खुर्चीत बसून बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “बाजूला चार ठिपके आहेत. तीन इकडे, एक तिकडे.” चंद्रांविषयी तिला कोणी काही सांगितले नव्हते.

आता तिने शनी मागितला आहे. त्याला वर्धन अधिक लागेल, म्हणून सुताराला सागवानी पायांचे माप दिले आहे. पोकळ ॲल्युमिनियमपेक्षा लाकूड कंप लवकर जिरवते.