पासून आणि पर्यंत

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. कारण असं की सध्या आमच्या घरी रोज रात्री साडेनऊ ते साडेदहा इंग्रजीचा तास असतो. विद्यार्थिनी एकच, आमची सूनबाई. वय सदतीस, शिक्षण बी.कॉम., तेही मराठी माध्यमातून. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ती नऊ वर्षं माल रवानगीचं काम बघते. माल जपानला जातो. तिकडच्या ग्राहकाशी पत्रव्यवहार आणि फोन सांभाळायची एक जागा कंपनीत रिकामी झाली आहे. पगार बरा, शिवाय रात्रपाळी नाही. अट एकच, टोइक नावाच्या परीक्षेत सहाशे गुण.

मागच्या वेळी हीच जागा भरली तेव्हा ती एका नव्या मुलीला मिळाली. त्या मुलीला बिलं, पॅकिंग लिस्ट, कंटेनरचं सगळं काम हिनंच शिकवलं होतं. पण मुलगी कॉन्व्हेंटची. यावर सूनबाई फार काही बोलली नाही. एकदाच म्हणाली, 'बाबा, मला इंग्रजी येत नाही असं नाही हो. पण तोंड उघडायच्या आधीच वाटतं की चुकणार, मग मी गप्प बसते.' चाळीस मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावरून हेच वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल!

परीक्षा काय आहे ते आधी सांगतो. टोइक पहिल्यांदा झाली 1979 साली, जपानमध्येच. टोफेल घेणारी अमेरिकेतली जी संस्था, तिनंच जपानी उद्योगांच्या मागणीवरून ती तयार केली. कचेरीत, कारखान्यात, विमानतळावर लागतं तेवढं इंग्रजी माणसाला कळतं का, एवढंच ती बघते. शेक्सपिअर नाही, निबंध नाही. दोन तासांत 200 प्रश्न. 45 मिनिटं ऐकण्याची, 75 मिनिटं वाचण्याची. गुण 10 ते 990. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. बोलण्या-लिहिण्याची परीक्षा वेगळी आहे, ती 2006 मध्ये सुरू झाली, पण हिच्या कंपनीला ती नको आहे. फोनवर बोलायच्या जागेसाठी न बोलता द्यायची परीक्षा! असो.

बाजारातून दोन जाडजूड पुस्तकं आणली. नियम सगळे बरोबर, पण ती कुणासाठीही लिहिलेली. मराठी माणूस नेमका कुठे अडखळतो हे त्यांना कसं ठाऊक असणार? माझ्या वडिलांची पिढी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकली. त्या पुस्तकाला आज लोक हसतात, पण मराठीचा हात धरून इंग्रजीच्या दारापर्यंत न्यायची त्याची रीत मला अजूनही पटते. म्हणून मी सूनबाईच्या चुकांची एक वही केली. पंधरा दिवसांनी वही उलटून पाहिली, तर निम्म्या चुकांच्या मागे मराठीतले दोनच शब्द उभे. 'पासून' आणि 'पर्यंत'.

'शुक्रवारपर्यंत माल पाठवतो' आणि 'शुक्रवारपर्यंत इथेच थांबतो'. आपल्याला दोन्हीकडे 'पर्यंत' चालतो. इंग्रजीत पहिल्याला 'बाय फ्रायडे', कारण ती मुदत आहे, काम त्याच्या आत एकदा उरकायचं. दुसऱ्याला 'अन्टिल फ्रायडे', कारण थांबणं शुक्रवार उजाडेपर्यंत चालूच राहणार. सूनबाईनं एका ईमेलमध्ये 'वुई विल डिस्पॅच अन्टिल फ्रायडे' असं लिहिलं होतं. वाचणाऱ्याला वाटणार, शुक्रवारपर्यंत रोज माल सुटतोय! तसंच 'पासून'चं. 'सोमवारपासून' आणि 'नऊ वर्षांपासून' यांत आपण फरक करत नाही. इंग्रजी करतं. सुरुवातीची खूण सांगायची असेल तर 'सिन्स मंडे', लांबी मोजायची असेल तर 'फॉर नाइन इयर्स'. वर मराठीत आपण 'काम करते' असा साधा वर्तमानकाळ वापरतो, तिथे त्यांना 'हॅव बीन वर्किंग' लागतं. परीक्षेच्या पाचव्या भागात गाळलेल्या जागा भरायच्या तीस प्रश्नांमध्ये असल्या जागा हमखास येतात.

हे समजल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मला महत्त्वाचं वाटलं. चूक ढपणाची नव्हती. दोन भाषा कापड वेगवेगळ्या ठिकाणी कापतात, एवढंच.

मग 'फ्रेझल व्हर्ब' नावाचा बागुलबुवा. 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणं, 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं, 'रन आउट ऑफ' म्हणजे संपणं. ती वैतागली, 'शब्दांचा अर्थ एक आणि निघतो भलताच!' मी म्हटलं, तू काल काय म्हणालीस? 'त्याला पैसे देऊन बसले.' बसलीस कुठे? 'सांगून टाकलं' म्हणतेस, टाकलंस काय? 'खाऊन घे' म्हणजे कुणाकडून काही घ्यायचं का? मराठी पोर हे दुसऱ्या वर्षी शिकतं आणि त्याला कुणी व्याकरण सांगत नाही. हसत हसत तिनं तीस क्रियापदं एका आठवड्यात पाठ केली.

वाक्प्रचारांबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. पुस्तकात शेकड्यांनी दिलेत. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे अंदाजे आकडा, मूळ बेसबॉलच्या मैदानात. 'इन द रेड' म्हणजे तोट्यात, कारण हिशेबाच्या वहीत तूट लाल शाईनं लिहीत. हे दुसरं बी.कॉम.वालीला सांगावंच लागलं नाही. आपल्याकडेही 'आतबट्ट्याचा व्यवहार' आहेच, आणि 'दुकान वाढवलं' ऐकून एखादा साहेब धंदा तेजीत आहे म्हणून अभिनंदन करायचा! पण सरावाच्या प्रश्नपत्रिका पाहिल्या तर असले रंगीत वाक्प्रचार फार थोडे. 'मीट द डेडलाइन', 'प्लेस ॲन ऑर्डर', 'इन चार्ज ऑफ' असे रोजचे जोडशब्दच जास्त. म्हणून आम्ही ते शेकडो वाक्प्रचार सरळ बाजूला ठेवले.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मात्र सौजन्यावर. वर्षभरापूर्वी तिनं ग्राहकाला लिहिलं होतं, 'सेंड द ड्रॉइंग बाय टुमॉरो.' व्याकरण चोख. पण वरिष्ठांनी बोलावून सांगितलं, हे उद्धट वाटतं. बिचारी दोन दिवस जेवली नाही नीट. घरात कामवाल्या मावशींनाही अहो-जाहो करणारी मुलगी, तिला उद्धट म्हणावं? तिच्या मनात 'पाठवा' होतं हो. आपल्या आज्ञार्थात तो 'वा' बसलेला असतो, मान त्यातच आला. इंग्रजीत 'पाठव' आणि 'पाठवा' दोघांचंही 'सेंड'च होतं, आणि तो 'वा' वाटेत गळून पडतो. तो परत मिळवायला 'कुड यू', 'वुई वुड अप्रिशिएट इट इफ' असं सगळं बाहेरून बांधावं लागतं. हे मी फळ्यावर लिहून दाखवलं (होय, घरात अजून फळा आहे) तेव्हा ती बराच वेळ त्याकडे बघत राहिली. 'म्हणजे मी पाठवाच लिहिलं होतं,' एवढंच म्हणाली.

'वुड यू माइंड'ची गंमत त्यातलीच. 'वुड यू माइंड क्लोझिंग द विंडो?' याला 'यस' म्हटलं तर तुम्ही खिडकी लावायला हरकत घेतलीत. 'नॉट ॲट ऑल' म्हणायचं आणि उठायचं.

ऐकण्याचा भाग आम्हा दोघांनाही जड. आवाज अमेरिकन, ब्रिटिश, कॅनडाचे, ऑस्ट्रेलियाचे. दुसऱ्या भागात प्रश्न आणि तीन उत्तरं फक्त ऐकायची, कागदावर काहीही छापलेलं नाही. प्रश्नात 'कॉपिअर' असेल तर एखाद्या चुकीच्या उत्तरात मुद्दाम 'कॉफी' पेरलेली. कान त्या ओळखीच्या आवाजाकडे धावतो. त्याला धावू द्यायचं नाही.

नात इंग्रजी माध्यमात तिसरीला आहे. पूर्वी ती आईच्या उच्चारांना हसायची. 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं तेव्हा हिची आई सहावीत होती, पाचवीपासून शिकणाऱ्यांमधली. हे नातीला मी एकदा शांतपणे सांगितलं. आता तीच घड्याळ लावून बसते आणि 'मम्मा, टाइम अप' म्हणून ओरडते.

पहिल्या सराव परीक्षेत 465 आले होते, परवा 570. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. सातव्या भागातले 54 प्रश्न अजून वेळेत होत नाहीत, शेवटचे दहा-बारा राहतात. पाचव्या भागात एका प्रश्नाला वीस सेकंदांहून जास्त द्यायचे नाहीत असं ठरवलंय. आज तेवढाच सराव आहे. साडेनऊ वाजत आले.