गाव आणि विद्यापीठ यांच्यामधला माणूस

चि. मृणालिनीस,


विद्यार्थी-कल्याणाचे काम स्वीकारताना डॉ. कार्ल फील्ड्स यांची ओळख करून घेतलेली असावी, म्हणून हे पत्र. 1964 मध्ये ते न्यू जर्सीतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या विद्यार्थी-साहाय्य विभागात, म्हणजे शिष्यवृत्ती, कर्ज आणि आवारातील काम यांची सांगड घालून गरजू विद्यार्थ्यांचा खर्च भागवणाऱ्या कार्यालयात, सहायक संचालक म्हणून रुजू झाले आणि 1968 मध्ये सहायक डीन झाले. आयव्ही लीगमध्ये, म्हणजे ईशान्य अमेरिकेतील आठ जुन्या खासगी विद्यापीठांच्या गटात, डीनच्या श्रेणीतील पदावर आलेले ते पहिले कृष्णवर्णीय होत.

ज्या संस्थेत ते आले, तिची परंपरा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अनुकूल नव्हती. वुड्रो विल्सन 1902 ते 1910 या काळात विद्यापीठाचे अध्यक्ष असताना कृष्णवर्णीयांनी अर्जच करू नये अशी भूमिका घेतली जाई. 1930च्या दशकात ब्रूस राइट या तरुणाला प्रवेश मिळाला, पण तो आवारात पोहोचल्यावर त्याचा वर्ण लक्षात आला आणि त्याला परत पाठवण्यात आले. पुढे तो न्यूयॉर्कमध्ये न्यायाधीश झाला. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या प्रशिक्षण योजनेतून काही कृष्णवर्णीय तरुण आले, तेव्हा कुठे ही बंदी मोडली, आणि तीही विद्यापीठाच्या स्वतःच्या निर्णयाने नव्हे. फील्ड्स आले तेव्हाही असे विद्यार्थी मोजकेच होते.

मात्र आवाराला लागूनच विदरस्पून रस्त्याच्या परिसरात कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती होती, आणि तिथल्या अनेकांनी पिढ्यानपिढ्या याच विद्यापीठाची स्वयंपाकघरे आणि वसतिगृहे सांभाळली होती. गायक आणि अभिनेते पॉल रोबसन यांचा जन्म 1898 मध्ये याच गावात, तिथल्या चर्चच्या धर्मोपदेशकाच्या घरी झाला, पण त्यांचे उच्च शिक्षण रटगर्समध्ये झाले. गावातील प्राथमिक शाळाही 1948 पर्यंत वर्णानुसार वेगळ्या होत्या. म्हणजे विद्यापीठाला ज्यांचे श्रम चालत होते, त्यांची मुले चालत नव्हती. फील्ड्स यांचे मोठेपण असे की या वस्तीकडे त्यांनी आधार म्हणून पाहिले. त्यांनी पालक-कुटुंब योजना सुरू केली. नव्याने आलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याची गावातील एखाद्या कुटुंबाशी गाठ घालून द्यायची, म्हणजे त्याला सुटीच्या दिवशी जेवायला, बोलायला आणि गप्प बसायलाही एक घर मिळे, अशी ती व्यवस्था होती. घरी ज्याच्यावर कुणी संशय घेतला नव्हता, त्याला वर्गात दररोज आपली पात्रता सिद्ध करावी लागत असेल, तर त्याची दमछाक अभ्यासाने होत नाही. ती सततच्या परकेपणाने होते, आणि शिष्यवृत्तीची रक्कम कितीही वाढवली तरी हा परकेपणा कमी होत नाही, हे आर्थिक साहाय्याच्याच खात्यात बसलेल्या माणसाने ओळखले. शिवाय ज्या कुटुंबांनी आजवर या आवारात केवळ सेवा केली होती, ती आता त्यातल्या विद्यार्थ्यांची वडीलधारी झाली, आणि हे परिवर्तन प्रवेशाच्या कोणत्याही आकड्याइतकेच मोलाचे मानावे लागेल.

त्यांच्याच काळात, 1967 मध्ये, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची स्वतःची संघटना स्थापन झाली आणि 1969च्या मार्चमध्ये, वंशभेदी दक्षिण आफ्रिकेशी व्यवहार असलेल्या कंपन्यांतून विद्यापीठाने पैसा काढून घ्यावा म्हणून, तिने प्रशासनाच्या एका इमारतीचा ताबा घेतला.

1971 मध्ये फील्ड्स झांबिया विद्यापीठात गेले. त्याच वर्षी प्रिन्स्टनमध्ये थर्ड वर्ल्ड सेंटर, म्हणजे गौरेतर विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र सभास्थान, सुरू झाले, कारण वरच्या वर्षांतील विद्यार्थी जिथे जेवत आणि जिथला सामाजिक व्यवहार ठरवत, ते प्रॉस्पेक्ट ॲव्हेन्यूवरचे भोजन-क्लब गौरेतर विद्यार्थ्यांना आपले वाटत नव्हते. 1998 मध्ये फील्ड्स यांचे निधन झाले; 2002 मध्ये त्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले आणि 2009 मध्ये ते प्रॉस्पेक्ट ॲव्हेन्यूवरच, एका जुन्या भोजन-क्लबाच्या इमारतीत, हलले.

नव्या कार्यालयात रुजू झाल्यावर शिष्यवृत्तीच्या याद्यांबरोबरच तिथल्या गावातील, नव्या विद्यार्थ्यांना आधार देतील अशा घरांचीही चौकशी पहिल्या सत्रातच व्हावी. कोणती कुटुंबे तयार आहेत ते सविस्तर कळवावे.

तुझे,
काका