स्टिक कोणाची?

आम्ही चौघे मिळून बेळगावात मुलांचा हॉकी संघ चालवतो. म्हणायला आम्ही मालक, पण नफा शून्य. वर्गणी गोळा करायची, मोडक्या स्टिक दुरुस्त करायच्या, मिस्सा संपली की मैदान गाठायचे.

हॉकी या गावाला नवी नाही. १९६४ साली टोकियोत पाकिस्तानला १-० ने हरवणाऱ्या सुवर्णविजेत्या संघात आपले बंडू पाटील होते. मुलांना हे सांगताना माझी छाती फुगते.

गेल्या महिन्यात एका मुलाची वर्गणी थकली. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "आधी पैसे आण, मग स्टिक." स्टिक खाली ठेवून तो मुकाट्याने निघून गेला.

त्याच रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात मत्तयाचा १८ वा अध्याय आला. मोठे कर्ज माफ झालेला चाकर थोडक्या पैशांसाठी सोबत्याचा गळा धरतो. मला पुढे शिकवता येईना.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. आई विड्या वळत होती. "चुकलो रे बाळा," म्हणालो. तो एवढेच म्हणाला, "सर, उद्या किती वाजता येऊ?"

स्टिक, मैदान, मुले, सारे धन्याचे. प्रभो, आम्हांला तुझे विश्वासू कारभारी कर. आमेन.