कॉम्प्युटर वाढवला का?

आमच्या घरात 'बंद कर' असं सहसा कुणी म्हणत नसे. आजोबांचं कराडला किराणा मालाचं दुकान होतं. रात्री फळ्या लावून झाल्या, की 'दुकान वाढवलं' असं सांगत ते घरात यायचे. देवापुढचा दिवाही आमच्याकडे कधी विझला नाही, तो शांत व्हायचा. 1998 साली बाबांनी सोसायटीचं कर्ज काढून कॉम्प्युटर आणला आणि आजीनं त्यालाही घरचाच शब्द लावला. रात्री साडेदहा झाले, की ती आतल्या खोलीतून विचारायची, "अरे, कॉम्प्युटर वाढवलास का?"

वाढवायला चांगली पाच मिनिटं लागत. बाबा शाळेच्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीत टाइप करायचे. काम झालं, की ते एकदा हार्ड डिस्कवर आणि एकदा फ्लॉपीवर सेव्ह करायचे. मग 'शट डाउन'. विंडोज 95 चा ढगांचा पडदा जायचा, स्क्रीन काळी व्हायची आणि तिच्यावर नारिंगी अक्षरं यायची: आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही. त्या जुन्या कॅबिनेटांत आतल्या सॉफ्टवेअरला वीज तोडता येत नसे, शेवटचं काम माणसाच्या हाताचंच होतं. अक्षरं दिसेपर्यंत बाबा खुर्चीतून हलत नसत. ती आली, की मोठं बटण दाबायचे. खट्ट. आतला पंखा हळूहळू थांबायचा, मग मॉनिटर, यूपीएस आणि सगळ्यात शेवटी भिंतीवरचं बटण. मॉनिटरच्या काचेजवळ हात नेला, की हातावरचे केस उभे राहायचे. त्यासाठी माझी आणि ताईची रोज भांडणं व्हायची. त्यानंतर जुन्या पडद्याची आईनं शिवलेली तीन कव्हरं चढायची. कीबोर्डच्या कव्हराला तिनं नाडीसुद्धा लावली होती.

एवढी निगा का, ते मला एका मार्चमध्ये कळलं. नववीच्या विज्ञानाचा पेपर अर्धाअधिक झालेला, आणि लाइट गेली. यूपीएसची बॅटरी आधीच दमलेली होती, ती दोन मिनिटंही टिकली नाही. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर लावला, तर निळी स्क्रीन आणि तिच्यावर मुंगीच्या पावलानं सरकणारी पिवळी पट्टी. हार्ड डिस्कवर कुठल्या फाइलचे तुकडे कुठे आहेत, याचा एक तक्ता असतो. लिहिता लिहिता वीज गेली, की तक्ता एक सांगतो आणि डिस्कवर दुसरंच असतं. ती पट्टी हा हिशेब जुळवत होती. तिला सापडलेल्या तुकड्यांची 'फाइल0000.सीएचके' अशा नावाची एक फाइल झाली. बाबांनी ती उघडली. प्रकाशाच्या परावर्तनावरचे दोन प्रश्न शाबूत होते, खाली सगळे चौकोन. बाबा काही बोलले नाहीत. त्या रात्री जेवण झाल्यावर त्यांनी पेपर पहिल्यापासून टाइप केला आणि दर प्रश्नाला सेव्ह केला.

दुरुस्तीला येणारा मेकॅनिक मात्र वेगळंच सांगायचा. "सर, सारखं चालू-बंद करू नका, त्यानंच पार्ट जातात." त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. तापलं की प्रसरण, निवलं की आकुंचन. वर्षानुवर्षं असं झालं, की झाळलेले सांधे कमकुवत होतात. हार्ड डिस्कच्या मोटरलाही थांबलेल्या तबकड्या फिरवायला सर्वात जास्त जोर लागतो. पण रात्रभर चालू ठेवलं तर पंखा रात्रभर धूळ ओढणार, बेअरिंग झिजणार, आणि मॉनिटरसकट दीडशे वॅट धरले तर आठ तासांत जवळपास सव्वा युनिट जाणार. शिवाय विंडोज 95 सलग चालायचंच नाही. ते मिलिसेकंद मोजायचं, आणि आकडा साधारण 430 कोटींवर पोचला, की मोजणारा कप्पाच भरायचा. म्हणजे 49.7 दिवसांनी कॉम्प्युटर गोठायचा. 1995 साली आलेल्या विंडोजमधला हा दोष 1999 पर्यंत उघडकीस आला नव्हता. इतके दिवस सलग चालू ठेवतंय कोण? सगळी घरं आमच्यासारखीच रोज वाढवत असणार.

आमच्या घरचा नेम मोडला तो 2006 च्या सुमाराला, आणि मोडणारा मीच. बीएसएनएलच्या पाचशे रुपयांच्या प्लॅनमध्ये रात्री 2 ते सकाळी 8 डाउनलोडला मोजमाप नव्हतं. मी उशाशी गजर लावून दोनला उठायचो. वेग 256 केबीपीएस. म्हणजे सहा तासांत जेमतेम एक सीडी भरेल एवढं उतरायचं. उबुंटूची अख्खी सीडी मी तशी एका रात्रीत उतरवली, तेव्हा परीक्षेत पहिला आल्यासारखं वाटलं होतं. अंधारात मोडेमचे हिरवे दिवे लुकलुकायचे. आजी पाणी प्यायला उठायची, दारात थांबायची आणि म्हणायची, "हा झोपत नाही होय रे?" तिला कॉम्प्युटरची काळजी वाटायची. मला कधी वाटली नाही, आणि त्याची आज खंत आहे.

आता माझ्या टेबलावर लॅपटॉप असतो. झाकण मिटलं की झोपतो, उघडलं की जागा होतो. झोपेत त्याला वीजही नाममात्र लागते. फिरत्या तबकड्या गेल्या, एसएसडी आली. तिला थांबायचे आणि सुरू व्हायचे कष्टच नाहीत. म्हणून कुणी विचारलं तर मी सांगतो, लॅपटॉप नुसता मिटला तरी चालेल. टेबलावरचा पीसी मात्र जागा ठेवून झोपू नका. नुसते पन्नास वॅट धरले तरी आठ तासांच्या रात्री, महिन्याला बारा युनिटं.

मी स्वतः लॅपटॉप रोज शट डाउन करतो; सवयच तशी लागलीय. गेल्या पावसाळ्यात तो जड चालायला लागला म्हणून टास्क मॅनेजर उघडला. 'अप टाइम'समोर आकडा होता 23 दिवस. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. रोज रात्री हातानं बंद केलेलं यंत्र तेवीस दिवस चालूच? मग वाचलं, की 2012 च्या विंडोज 8 पासून ही सोय आलीय. शट डाउन म्हटलं तरी विंडोजचा गाभा तो डिस्कवर जसाच्या तसा उतरवून ठेवतो आणि सकाळी तोच उचलतो, म्हणून लवकर सुरू होतो. खरोखर पहिल्यापासून सुरुवात हवी असेल, तर 'रीस्टार्ट' करायचं. सोय चांगली आहे, पण मला ती फसवणूक वाटली. मी सेटिंगमध्ये जाऊन ती काढून टाकली. आता सकाळी थोडं जास्त थांबावं लागतं. थांबतो.

दिवाळीत कराडला गेलो होतो. आजीला जाऊन बारा वर्षं झाली. जुना कॉम्प्युटर माळ्यावर आहे, कव्हरासकट; नाडीची गाठ आईनं मारलेली तशीच. बाबा आता टॅबवर बातम्या वाचतात. रात्री अकराच्या सुमाराला मी फोनवर काहीतरी बघत पडलो होतो, आणि एकदम नेट गेलं. बाहेरच्या खोलीत आलो, तर बाबा राउटरजवळ उभे होते. एक हात भिंतीवरच्या बटणावर, नजर राउटरच्या दिव्यांवर. सगळे दिवे जाईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

"बाबा, लाइट गेली का?"

"नाही रे," ते म्हणाले, "वाढवला."